दोन वाजून दहाची ओळ

१

मला जास्तीची वस्तू खपत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, टेबलावर कॉम्प्युटर आणि भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, एवढंच होतं. माया लग्न होऊन आली तेव्हा तिने चारी बाजूंना बघून विचारलं होतं की बाकीचं सामान अजून यायचंय का. मी म्हटलं, हेच सगळं. ती हसली, आणि पुढच्या महिन्यात शोकेस आलं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. 'टिपण' हा माझा प्रोग्राम. त्यात मजकूर लिहायचा, जतन करायचा, बंद करायचा. मेनू नाही, बटणं नाहीत, रंग नाहीत. अकराशे चाळीस ओळींचा कोड, तोही सगळ्यांसाठी खुला. ज्याला हवा त्याने घ्यावा, वाचावा, बदलावा. एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये मी ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरवर पहिली पाळी करायचो, सात ते साडेतीन, आणि उरलेल्या वेळात टिपण घासून घासून आणखी लहान करायचो. जगभरातली तीसेक माणसं ते वापरायची. आमची ओळख फक्त ईमेलवरची. त्या अकराशे चाळीस ओळींत काय आहे आणि काय नाही, हे मला झोपेतून उठवलं तरी मी सांगू शकलो असतो. याचा मला अभिमान होता, लपवत कशाला.

२००७च्या जानेवारीत आमच्यातल्याच एकाने दाखवून दिलं की मुद्दाम बिघडवलेली एखादी फाईल टिपणमध्ये उघडली, तर ती टिपणच्याच हातून घरातल्या दुसऱ्या फायली वाचू शकते, पुसूही शकते. म्हणजे प्रोग्राम लहान असून भागत नाही, त्याला कुंपणही हवं. यालाच सँडबॉक्स म्हणतात. आमच्या कंपनीच्या गेटवर वॉचमनकडे पाळीची यादी असते. यादीत नाव असेल तर आत, नसेल तर साहेबाचा मेहुणा असला तरी बाहेर. तसाच एक वॉचमन टिपणच्या दाराशी बसवायचा. काहींनी कुरकुर केली की यामुळे दोनशे ओळी वाढतील. मी म्हटलं, वाढू देत, मी लिहितो.

२

यादी करायची पद्धत सोपी असते. पहिला आठवडा वॉचमन कोणालाच अडवत नाही, नुसतं बसून लिहून घेतो, कोण आलं, काय मागितलं. हा शिकण्याचा आठवडा. त्यात जे जे आलं ते रोजचं आणि आपलं, असं धरायचं. मग यादी बंद करायची. त्यानंतर यादीबाहेरचं कोणी आलं की त्याला नकार, आणि नोंदवहीत एक ओळ: वेळ, कोण आलं, निकाल.

माझा शिकण्याचा आठवडा २ फेब्रुवारीला, शुक्रवारी सुरू झाला. माया पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी बदलापूरला गेली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. घरात मी आणि आई. आईचं नाव चांगुणा. ती दुपारी जेवून दाराजवळ चटई टाकून आडवी व्हायची, कारण तिथे वारा येतो. सकाळी हरिचंद्र दूध घालून जायचा आणि आईशी पाच मिनिटं बोलत बसायचा. बाकी कोणी नाही. असं निवांत घर पुन्हा मिळणार नाही, म्हणून मी तोच आठवडा धरला होता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी यादी वाचली. त्रेचाळीस ओळी. चाळीस मला समजल्या. अक्षरांच्या फायली, कीबोर्ड, माझ्या टिपणांचा फोल्डर, सगळं ठीक. शेवटी तीन ओळींत नावं होती: हेमचंद्र, चांगुणा, हरिचंद्र. पहिलं माझं.

फाईलच्या नावाच्या जागी माणसांची नावं कुठून आली, ते कळेना. त्याच आठवड्यात मी आईसाठी फोन नंबरांची फाईल टिपणमध्ये केली होती. त्यातलं काहीतरी सांडलं असणार, नंतर बघू, असं म्हणून मी यादी बंद केली. अकराशे चाळीस ओळींचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने तीन ओळी न समजता सोडल्या. आजही त्याची चीड येते.

३

सोमवारी पाळीवरून आल्यावर नोंदवही उघडली. चार दिवसांच्या चार ओळी होत्या, एकसारख्या. वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. निकाल नकार. आणि 'कोण' या रकान्यात काहीच नाही.

मी हसलो. वॉचमनमध्येच चूक आहे, कुठेतरी नाव लिहायला विसरलाय. रात्रीपर्यंत दोनशे ओळी तीनदा वाचल्या. चूक सापडली नाही. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं कॉम्प्युटरवर काही होतं का, तेही पाहिलं. नव्हतं.

बुधवारी शेजारच्या द्रौपदीकाकू गावाहून परत आल्या. महिनाभर त्या साताऱ्याकडे लेकीकडे होत्या. संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो, दार उघडंच होतं. काकू वाटी घेऊन आमच्या दारात आल्या. गेली पंधरा वर्षं त्या आमच्या घरात न विचारता येतात, थेट स्वयंपाकघरात जातात. त्या दिवशी उंबऱ्याशी थांबल्या. वाटीकडे बघितलं, मग माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघितलं आणि सावकाश वळून आपल्या घरात गेल्या. आईने आतून विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, काकू, विसरल्या वाटतं कशाला आल्या ते. वय झालं, आई म्हणाली.

नोंदवहीत नवीन ओळ होती. सहा वाजून पाच. द्रौपदी. नकार.

काकूंचा नंबर आईच्या फाईलमध्ये होता. म्हणजे ते नाव कॉम्प्युटरला माहीत होतं. वेळ जुळली तो योगायोग. माझे वडील, शिवराम, केमिकल कंपनीत राबून गेले, पण घरात अंगारा, ताईत, भुताची गोष्ट येऊ दिली नाही. विचारल्याशिवाय मानायचं नाही आणि घाबरून तर मुळीच मानायचं नाही, हे त्यांचं शिकवणं. मी विचारत राहिलो.

४

१५ फेब्रुवारीला गुरुवारी सासऱ्यांचा कंपनीत फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी पेढे वाटले, तसाच बदलापूरला गेलो. माया थकलेली होती आणि खूप सुंदर दिसत होती. बाळ कापडात गुंडाळलेलं, मूठभर. मी तिला दोन्ही हातांत घेतलं. सासूबाई, म्हणजे रखमाबाई, म्हणाल्या की अगदी भरदुपारी आली तुमची लेक, दोन वाजून दहा मिनिटांनी.

 घरी परतताना ते डोक्यातून जाईना. रोज कोणीतरी दोन दहाला आमच्या दाराशी येतं, त्याला नाव नाही. आणि आमच्या बाळाला अजून नाव नाही. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी बारसं करायचं ठरलं होतं, तोपर्यंत ती नुसती बाळ. मला वाटलं, ती घरी यायचं म्हणते आहे. विचार वेडगळ होता, पण गोड होता, आणि मी त्याला हाकललं नाही. दोन दहाच्या ओळीची भीती त्या दिवसापासून गेली. उलट संध्याकाळी येऊन ती ओळ बघितली की बरं वाटायचं.

पहिली ओळ ९ तारखेची होती. बाळ १५ तारखेला झालं. हे सहा दिवस मला दिसले होते. मी ते बाजूला ठेवले.

५

शुक्रवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी, आणि त्या काळी त्याच दिवशी बारा ते तीन लोडशेडिंग. २३ तारखेला मी ठरवून घरी थांबलो. वीज नव्हती, कॉम्प्युटर बंद, पंखा बंद. आई दाराजवळ चटईवर झोपली होती. दार उघडं, पडदा सोडलेला. मी खुर्चीत हातात घड्याळ घेऊन बसलो.

दोन वाजले. खाली कोणाचं तरी कपडे आपटणं चालू होतं. समोरच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली. दोन दहाला काही झालं नाही, म्हणजे आवाज झाला नाही, सावली पडली नाही. फक्त पडदा आत आला आणि तसाच राहिला. वाऱ्याने पडदा आत येतो आणि परत जातो. हा आत आला आणि थांबला, कोणी बाहेरून टेकल्यासारखा.

तेव्हा आई झोपेतच कुशीवर वळली आणि भिंतीकडे सरकली. चटईवर तिच्याशेजारी हातभर जागा मोकळी झाली. लहान मूल जवळ घ्यायला बाई सरकते तेवढीच. थोड्या वेळाने पडदा मागे गेला.

तीनला वीज आली. कॉम्प्युटर सुरू केला. दोन दहाची ओळ नोंदवहीत होती, मशीन बंद असतानाची. मग मी मागचे दोन शुक्रवार पाहिले. त्या दोन्ही दिवशीही दुपारी वीज नव्हती आणि ओळ होती.

आई उठल्यावर विचारलं, तू झोपेत का सरकलीस. तिला आठवत नव्हतं. चहा गाळताना मात्र म्हणाली, "बाळ जवळ आल्यासारखं वाटलं रे. लवकर घेऊन ये तिला."

६

उल्हासनगरच्या कॅम्पात मुकेशचं जुन्या कॉम्प्युटर पार्ट्सचं दुकान आहे. माझं मशीन त्याच्याच दुकानातून सुटं सुटं आलेलं. आठ वर्षांची दोस्ती, पण तो आमच्या घरी कधी आला नव्हता. त्याचा नंबर मला पाठ होता, कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेला नव्हता. म्हणून ९ मार्चला, शुक्रवारी सकाळी, मी त्याला मेमरीची पट्टी घेऊन घरी बोलावलं. पत्ता नीट सांगितला. तिसरा माळा, जिना संपला की समोरचंच दार.

अकरा वाजता त्याचा फोन आला.

"हेमू, वर आलो यार. तुझा दरवाजा कुठला?"

मी दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो. समोर जिना, बाजूला कठडा, डावीकडे काकूंचं दार, उजवीकडे कुलूप लावलेला गाळा. माणूस नव्हता.

"जिन्याच्या समोर," मी म्हटलं.

"जिन्याच्या समोर तर भिंत आहे. इधर दोनच दरवाजे आहेत, एक लेफ्टला, एक राइटला. बीच में कुछ नहीं है."

फोनमधून तिसरा माळा चढून आलेल्या माणसाचा दम ऐकू येत होता. त्याच्यामागे मला काकूंच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. तोच रेडिओ मला माझ्या दुसऱ्या कानाने, फोनशिवाय ऐकू येत होता. मला भीती वाटली. 

मी खाली गेलो. तो पानाच्या टपरीशी उभा होता, म्हणाला, बिल्डिंग चुकलो बहुतेक. मी त्याचा हात धरून वर न्यायला लागलो. दुसऱ्या माळ्यावर त्याला दुकानाची आठवण झाली. माल यायचाय, नंतर येतो, असं म्हणून हात सोडवून तो उतरून गेला. मागे वळून बघितलंही नाही.

नोंदवहीत दोन ओळी. मुकेश, नकार. मुकेश, नकार.

त्या दुपारी वीज आल्यावर मी यादीच्या शेवटी हाताने 'मुकेश' लिहिलं आणि रविवारी पाळी सुटल्यावर त्याला पुन्हा बोलावलं. तो सरळ वर आला, चहा प्यायला, आईच्या हातची भाकरी खाऊन गेला. दाराबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी 'द्रौपदी' लिहिलं. संध्याकाळी काकू वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या.

७

आता माझ्यापुढे एकच प्रश्न होता. ३० मार्चला बाळ सव्वा महिन्याचं होऊन घरी यायचं होतं. ती आत कशी येणार?

मायाचं नाव यादीत लिहिता येत होतं. सोबत येणार होत्या म्हणून रखमाबाईंचंही. बाळाला नाव नव्हतं, आणि रिकामी ओळ हाताने लिहिली तर वॉचमन ती ओळच मानत नव्हता. मायाला फोनवर म्हटलं, नाव आत्ताच ठेवू या. ती म्हणाली, "चौदा तारीख ठरली आहे ना, तुमच्या बहिणी सुट्टी काढून येणार आहेत. आणि नाव अजून ठरलंय कुठे? असं काय करताय?" मी यादीत एखादं नाव लिहूनही टाकलं असतं, पण ज्या नावाने तिला कोणी हाक मारलेली नाही ते तिचं कसं असेल? माया उंबरा ओलांडून आत येईल आणि तिच्या हातात, असा विचार यायचा आणि मी तो तिथेच तोडायचो.

सगळी यादीच पुसायची, तर रिकाम्या यादीत आईही नाही आणि मीही नाही. मी पाळीवरून परत येईन तेव्हा मलाही समोर भिंत दिसेल. वॉचमन काढून टाकला, मशीन विकलं, तरी उपयोग होईल असं वाटेना. मशीन बंद असतानाही तो दारात बसलेला होताच.

एकच रस्ता उरला. पुन्हा शिकण्याचा आठवडा. त्यात तो कोणालाच अडवत नाही, नाव असो नसो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दार उघडून लेकीला आत घ्यायचं, यात वावगं काय असणार? ३० तारखेला सकाळी सात वाजता मी यादी उघडी केली आणि वॉचमनला शिकायला बसवलं. मायाचं, रखमाबाईंचं नाव हाताने लिहिलं नाही. सगळ्या एकदमच शिकू देत, म्हटलं.

अकरापर्यंत यायच्या होत्या. बाळाला पाजलं, मग ते झोपलं, मग रिक्षा मिळाली नाही. रिक्षा आमच्या गेटशी लागली तेव्हा वीज कधीचीच गेली होती. मी पळत खाली गेलो. जिन्यात माया मध्येच थांबली, तेव्हा मुकेशसारखी मागे वळते की काय म्हणून मी तिचा दंड धरला. ती फक्त दम घेत होती.

आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. वडील असते तर चालू दिलं नसतं, पण पहिली नात होती, मीही काही म्हटलं नाही. आईने तुकडा बाळावरून ओवाळला आणि बाहेर टाकला. मग दुसरा तुकडा घेतला, मायाच्या डाव्या बाजूला जरा खाली वाकली, हवेतच ओवाळला आणि तोही टाकला. नंतर डोळ्यांना पाणी लावलं.

सगळ्या आत आल्या. माया, रखमाबाई, बाळ. मी दारातच ढसाढसा रडलो. माया म्हणाली, वेडे आहात का तुम्ही. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

८

तीनला वीज आली. आत बायकांचं बोलणं आणि बाळाचं कुरकुरणं चालू होतं. मी खूश होतो. नुसतं बघायचं म्हणून यादी उघडली. खाली नवीन ओळी होत्या, सगळ्या दोन दहाच्या.

माया.

रखमाबाई.

मग एक रिकामी ओळ.

मग आणखी एक रिकामी ओळ.

तीन माणसं आली होती. मी ओळी पुन्हा मोजल्या, चारच होत्या. तेव्हा बाजूला ठेवलेले ते सहा दिवस माझ्यासमोर आले. बाळ या जगात नव्हतं तेव्हाही दोन दहाला कोणीतरी दाराशी येत होतं. मी दार लावलं म्हणून ते आलं, की आणखी कशामुळे, हे मला माहीत नाही; शिकण्याच्या आठवड्यात तरी त्याची ओळ नव्हती. वॉचमन एकोणपन्नास दिवस त्याला नाही म्हणत होता. काकूंना आणि मुकेशला अडवलं हा त्याचा आडमुठेपणा खरा, पण या एका बाबतीत तो बरोबर होता. आणि पन्नासाव्या दिवशी मी स्वतः त्याला सांगितलं, आज कोणाला अडवू नकोस.

एक ओळ पुसून यादी बंद केली की झालं. पण कुठली? दोन्हींत एका अक्षराचा फरक नव्हता, वेळेतही नाही. एक पुसली तर निम्मी शक्यता अशी की उद्या सकाळी आईला नात आठवणार नाही, मायाच्या हातात काही नसेल, आणि बदलापूरचा डॉक्टर म्हणेल, कोण बाळ. मी बोट बटणावर ठेवून बसलो. आत बाळ रडायला लागलं. मग गप्प झालं. माया म्हणत होती, अगं बाई, लगेच रडायची कशी राहिली, मी अजून घेतलंही नाही.

मी बोट काढलं. बारसं होऊ दे, म्हटलं. तिला नाव मिळालं की तिची ओळ भरेल, उरेल ती दुसरी. ती पुसायची. पंधरा दिवसांचा प्रश्न होता. ते पंधरा दिवस दोन दहाला काहीच झालं नाही, पडदा हलला नाही, नोंदवही कोरी राहिली.

जयंतीच्या दिवशी सकाळी वंदना झाली, घर माणसांनी भरलं. माझ्या थोरल्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, ऋतिका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दीतून वाट काढत टेबलाशी गेलो आणि यादी उघडली.

दोन्ही ओळी भरल्या होत्या. ऋतिका. ऋतिका.

९

टिपणमधला तो वॉचमन मी कोणालाच पाठवला नाही. ईमेलवर विचारणा झाली, मी लिहिलं की जमलं नाही. नंतर दुसऱ्या एकाने वेगळ्या रीतीने कुंपण घातलं, चांगलं आहे म्हणतात. माझ्या मशीनवर जुनीच प्रत आहे, आणि ती अजून शिकण्याच्याच आठवड्यात आहे. यादी बंद केली तर दोघी कायमच्या आपल्या होतील. पुसायची तर एक जाईल. मी काहीच करत नाही. हा भित्रेपणा आहे हे मला कळतं.

ऋतिका आता दोन वर्षांची आहे. हुशार आहे, खोडकर आहे, आजीच्या चटईवर तिच्या एका बाजूला झोपते. आई दुसऱ्या बाजूलाही जागा ठेवते. मी आईला विचारत नाही. तापबिप आला तर ऋतिकाला येतो आणि उतरतो, इतर पोरांसारखाच. वाईट असं काही घडलेलं नाही. मी रोज स्वतःला हे सांगतो, आणि तरी पाळीवरून येताना जिन्याचं शेवटचं वळण घेतलं की समोर दार आहे ना, ते आधी बघतो.

गेल्या शुक्रवारी दुपारी वीज नव्हती. मी खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होतो. माया आत भांडी घासत होती. जिलेबी आणली होती, म्हणून मी पेपरातून मान वर न करता हाक मारली, "ऋतिका, ये लवकर."

आतल्या खोलीतून पावलं वाजली. अनवाणी, धावत येणारी, छोटी. तेवढ्यात माझ्या मांडीवर काहीतरी हललं. मी खाली बघितलं. ऋतिका माझ्या मांडीवर बसली होती, कधीची बसली होती, पेपराचा कोपरा चावत होती. तिने मान वर केली आणि माझ्याबरोबर आतल्या दाराकडे बघितलं. पावलं त्या दाराच्या पडद्यापलीकडे येऊन थांबली. पडदा थोडा बाहेर आला, गुडघ्याच्या उंचीवर.

ऋतिका पडद्याकडे बघून हसली आणि मांडीवर जरा सरकून बसली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मायाचा आवाज आला, अगदी शांत.

"अहो, तिला हाक मारायच्या आधी ती कुठे आहे ते बघत जा ना. मी घरी आले तेव्हापासून बघूनच हाक मारते."

मग नळ पुन्हा सुरू झाला. मी जिलेबीचा पुडा उघडला आणि दोन तुकडे केले.